टेस्टिफाय
‘साक्ष देणे’, ‘शपथेवर सांगणे’ आणि लक्षणेने ‘एखाद्या गोष्टीचा पुरावा असणे’ या अर्थांचे इंग्रजी क्रियापद. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते इंग्रजीत आढळते. लॅटिन ‘टेस्टिस’ (साक्षीदार) आणि ‘फाकेरे’ (करणे) यांपासून बनलेले ‘टेस्टिफिकारी’ हे त्याचे मूळ होय.

‘टेस्टिस’चा मूलार्थ ‘तिसरा म्हणून उभा असलेला’ असा मानला जातो. त्यातील घटक संस्कृत ‘त्रि’ व ‘स्था’ यांच्याशी सगोत्र आहेत. प्राचीन इटलीतील ऑस्कन भाषेच्या तदर्थक शब्दात ‘र’ टिकून राहिल्याने या उपपत्तीस बळकटी मिळते. व्यवहारातील वा तंट्यातील दोन पक्षांखेरीज हजर असलेला तिसरा, तो साक्षीदार. मराठीतील ‘त्रयस्थ’ या शब्दाची घडण अशीच आहे. ‘साक्षी’ या शब्दात मात्र भर पाहण्यावर आहे, पाणिनीने ‘साक्षात् पाहणारा’ या अर्थी तो सिद्ध केला आहे (५.२.९१).

लॅटिनमध्ये ‘टेस्टिस’चा ‘वृषण’ असाही अर्थ आहे. त्यावरून, रोमन पुरुष वृषणांना स्पर्श करून शपथ घेत, अशी आख्यायिका रूढ झाली. तिला रोमन ग्रंथांत आधार नाही. ‘अटेस्ट’ (साक्षांकन करणे), ‘प्रोटेस्ट’ (निषेध करणे) व ‘टेस्टमेंट’ (मृत्युपत्र) हे शब्द याच कुळातील होत. ‘टेस्ट’ (चाचणी) हा शब्द मात्र धातूंचा कस पाहण्यासाठी वापरीत त्या मातीच्या भांड्याच्या ‘टेस्टुम’ या नावावरून आला.

साक्षीदार हा तिसराच असावा, ही धारणा कायद्यातही दीर्घकाळ होती. इंग्लंडमध्ये दाव्यात हितसंबंध असलेल्यांस साक्ष देता येत नसे. परिणामी घटनेची प्रत्यक्ष माहिती असलेली व्यक्तीच न्यायालयात मूक राही. हितसंबंधामुळे येणारी अपात्रता १८४३ मध्ये दूर झाली. दिवाणी दाव्यांतील पक्षकारांस १८५१ मध्ये, तर फौजदारी खटल्यांतील आरोपींस सर्वसाधारणपणे १८९८ मध्ये स्वतः साक्ष देण्याची मुभा मिळाली. भारतात दिवाणी पक्षकारांची पात्रता १८७२ च्या पुरावा अधिनियमाने मान्य केली होती. त्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ लागू झाला. आरोपीस स्वेच्छेने बचावाचा साक्षीदार होण्याची मुभा १९५५ च्या दुरुस्तीने मिळाली. आता हितसंबंधामुळे साक्ष नाकारली जात नाही. ती किती विश्वसनीय आहे, हे ठरविताना तो विचारात घेतला जातो.