घरी बांधायचे विमान विकायचे कसे?

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधून ते उडवता येते. ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गातल्या अशा विमानाला कारखान्यातल्या विमानासारखे प्रमाणपत्र लागत नाही. मुख्य अट एवढीच, की विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बांधलेला असावा. ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणून ही अट ओळखली जाते आणि एकट्यादुकट्या विमान-रचनाकाराला बाजारात जागा मिळते ती तिच्यामुळेच. प्रमाणपत्राचा अवाढव्य खर्च टळतो आणि कागदोपत्री निर्माता ठरतो तो बांधणारा. रचनाकार विकतो ते आराखडे किंवा सुट्या भागांचा संच, म्हणजे किट.

पहिले विमान मात्र स्वतःच्या खिशातूनच उभे राहते. न उडालेल्या यंत्रावर बँक कर्ज देत नाही आणि नुसत्या चित्रावर गिऱ्हाईकाने पैसे देऊही नयेत. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, तेही घरच्यांच्या पाठबळावर. २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, त्याची अधिकृत नोंदणी व्हायला २०१७ उजाडले. वर्षानुवर्षे पैसा फक्त जात राहतो, हा या धंद्याचा पहिला टप्पा.

सर्वांत कमी भांडवल लागते ते आराखड्यांच्या विक्रीला. बर्ट रुटान यांनी १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात आपला छोटा कारखाना थाटला. त्यांचे ‘व्हॅरीईझी’ १९७५ मध्ये उडाले आणि त्याच उन्हाळ्यात ऑशकॉशच्या मेळाव्यात त्याने लांब पल्ल्याचा विक्रम केला. हौशी वैमानिकांचा हा मेळावा जगात सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिथे उडून दाखवण्यासारखी दुसरी जाहिरात नाही. पुढच्या वर्षी आराखडे विक्रीला आले. फोमचे ठोकळे तापलेल्या तारेने कापायचे, त्यांवर काचतंतूंचे कापड रेझिनने चढवायचे, अशी बांधणी होती. हा माल नेमलेले व्यापारी पुरवत, त्यामुळे रुटान यांच्या गळ्यात गोदाम पडले नाही. पण विकलेल्या प्रत्येक आराखड्यामागे बांधणाऱ्याच्या शंका येतात, दुरुस्त्या कळवाव्या लागतात, त्यासाठी नियमित वार्तापत्र काढावे लागते. शिवाय अपघात झालाच तर कोर्टाची टांगती तलवार. या धास्तीने १९८५ मध्ये रुटान यांनी आराखडे विकणे थांबवले.

किटमध्ये नफा जास्त आणि धोकाही. तो धोका जिम बीड यांच्या ‘बीडी-५’ इतका कुठेच स्पष्ट दिसत नाही. १९७१ मध्ये पहिल्यांदा उडालेले हे चिमुकले, देखणे एकआसनी विमान पाहून लोक वेडावले आणि दोनशे डॉलर इसार देऊन हजारोंनी नंबर लावले. अडचण इंजिनाची होती. आधी ते ठरेना. ठरले, तर जर्मन पुरवठादाराचेच दिवाळे निघाले. पेट्या घरी आल्या, इंजिन आले नाही. १९७९ मध्ये कंपनी बुडाली आणि दहा वर्षे विमानांसाठी इसार न घेण्याचे बंधन बीड यांनी सरकारी व्यापार आयोगापुढे मान्य केले. रचना हुशारीचीच होती. घात झाला तो इसाराला उत्पन्न समजल्याने. वस्तू हाती पडेपर्यंत ते पैसे गिऱ्हाईकाचेच असतात, म्हणून ते वेगळ्या खात्यात ठेवावेत. इंजिनाचा करार पक्का झाल्याशिवाय तर ते घेऊच नयेत.

सावकाशीचा मार्ग ओरेगॉनच्या रिचर्ड व्हॅनग्रन्स्वेन यांनी दाखवला. त्यांचे ‘आरव्ही-३’ही १९७१ चेच. किट त्यांनी तुकड्यांत विकले: आधी शेपटी, मग पंख, मग धड, शेवटी उरलेली जोडणी. गिऱ्हाईक हप्त्याहप्त्याने पैसे देते, शेपटीवर रिव्हेट मारायला शिकते आणि काम झेपत नसेल तर थोडक्यात सुटते. कारखान्यालाही एका वेळी थोडाच माल अडकवावा लागतो. इंजिन बहुधा प्रमाणित ‘लायकमिंग’; त्याचा प्रयोग नाही. या शिस्तीवर त्यांच्या रचनेची दहा हजारांहून अधिक विमाने आकाशात गेली.

बाहेरचा गुंतवणूकदार आणणे हा आणखी एक रस्ता, पण त्याला हवी असते वाढ आणि अखेरीस मालकी. विस्कॉन्सिनमधल्या ॲलन आणि डेल क्लॅपमायर या भावांनी १९८४ मध्ये ‘सिरस’ सुरू केली ती किटसाठीच. ते किट फारसे खपले नाही. पुढे बाहेरच्या भांडवलावर प्रमाणित ‘एसआर२०’ आले, गाजले. २०११ मध्ये कंपनी चिनी सरकारी उद्योगाच्या हाती गेली.

जुनी शिस्तही कायमची हमी देत नाही. करोनाकाळात व्हॅनग्रन्स्वेन यांच्या कंपनीकडे मागणीचा लोंढा आला, लेझरने कापलेल्या भागांच्या भोकांभोवती तडे दिसू लागले आणि ते बदलून देण्याचा बोजा वाढला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याचे संरक्षण मागितले. संस्थापकाने स्वतःचे पैसे घातले. इसार देऊन बसलेल्या गिऱ्हाइकांपुढे वाढीव किमतीचे नवे करार आले. २०२४ मध्ये न्यायालयाने पुनर्रचनेला मंजुरी दिली आणि किटची विक्री चालू राहिली.