घरघर थांबली म्हणजे दमा थांबला?

रात्री इंदूरच्या सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. गराडू तळल्याचा धूर, डिसेंबरची गार हवा, वर गर्दी. ज्याचा दमा आटोक्यात नाही त्याला एवढं निमित्त पुरतं. धाप लागली की सल्ले सुरू होतात: आडवं करा, पाणी पाजा, आणि हमखास, ‘पंप नको, सवय लागते.’

पंपाची, म्हणजे इनहेलरची, सवय लागत नाही. मात्र तो वारंवार लागत असेल, तर रोजचं औषध कमी पडतंय किंवा चालूच नाही. अ‍ॅटॅकमध्ये रुग्णाला बसतं ठेवावं आणि सॅल्ब्युटॅमॉलचे 4 ते 10 पफ, स्पेसर असेल तर त्यातून, एकेक करून द्यावेत. पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी हेच.

‘मशीन लावलं तरच उतार पडतो’ हाही असाच समज. नेब्युलायझरमध्ये औषध तेच असतं. तीव्र अ‍ॅटॅकमध्ये कॅज्युअल्टीत त्याला इप्राट्रोपियमची जोड देतात. ऑक्सिजनने श्वासनलिका उघडत नाहीत. त्या उघडेपर्यंत तो रक्तातलं प्रमाण सावरतो, मोठ्यांत साधारण 93 ते 95 टक्के. आतली सूज उतरवतं ते स्टेरॉइड. त्याचा गुण यायला चारेक तास लागतात, म्हणून ते पहिल्या तासातच द्यायचं. गिळता येत असेल तर गोळी इंजेक्शनइतकीच चालते, हे आपल्याकडे कुणाला पटत नाही! एवढ्यानेही भागलं नाही, तर शिरेतून 2 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, 20 मिनिटांत. डेरिफायलिनच्या जातीची इंजेक्शनं आता नेहमीच्या उपचारात सुचवली जात नाहीत.

सगळ्यांत फसवी असते ती शांतता. मघापर्यंत घरघरणारा माणूस गप्प होतो, डोळे जड होतात, आणि नातेवाईक म्हणतात, ‘आता जरा निवांत झालाय.’ डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात तेव्हा छातीत आवाजच नसतो, कारण आवाज व्हायला हवा आत-बाहेर जावी लागते. धापा टाकणाऱ्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कमी हवा. तो ‘नॉर्मल’ आला तर माणूस थकत चाललाय. अशा वेळी झोपेचं औषध जिवावर बेतू शकतं.

एका दमात वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, तर 108 ला फोन करा किंवा थेट एमवाय हॉस्पिटल गाठा. पंप वाटेतही चालू ठेवा.