मोबाईलची कोणती घंटी बंद करायची, कोणती चालू ठेवायची



आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. बंदी उठते तेव्हा पावसाळा संपलेला नसतो, म्हणजे आपली जाळी पुन्हा तापीत पडतात ती ऐन पुराच्या दिवसांत. राजघाटावर ऊन असतं आणि वर मुलताई-बैतूलकडे रात्रभर पाऊस झालेला असतो. ते पाणी काही तासांनी आपल्याकडे येतं. पारसडोह धरणाची दारं उघडली तरी तसंच. नदीतला दगडी हत्ती किती बुडाला यावरून आपण पाण्याचा अंदाज घेतो, पण हत्ती पाणी आल्यावर सांगतो. येण्याआधीची खबर आता मोबाईलवर येते.

अडचण अशी की पहाटे जाळी काढायच्या वेळीच ‘सुप्रभात’चे फोटो सुरू होतात. मग वाढदिवस, रील, जाहिराती. दिवसभर फोन टुणटुण करतो आणि माणूस वैतागून आवाजच बंद करून टाकतो. त्यात पाण्याची खबरही दबून जाते. म्हणून आमचं सांगणं एकच आहे: सगळं चालू ठेवू नका, सगळं बंदही करू नका. निवडून करा.

आधी हे समजून घ्या की एवढ्या घंट्या वाजतात कशाला. फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांची कमाई जाहिरातींवर चालते. तुम्ही जितका वेळ बघत बसाल तितक्या जाहिराती दिसतात. म्हणून ‘यांना ओळखता का’, ‘अमुक लाईव्ह आलाय’ असं काहीतरी पाठवून तुम्हाला परत बोलावतात. हे बंद केलं तर आपलं काहीच अडत नाही.

आता काय करायचं ते बघा.

१) नको ती नोटिफिकेशन: अँड्रॉइड फोनवर नोटिफिकेशन आलं की ते बोटाने दाबून धरा. तिथेच बंद करायचा पर्याय येतो. आठवडाभर असं करत राहिलात तर निम्मा गोंगाट जाईल.

२) गप्पांचे ग्रुप: व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप म्यूट करता येतो. ८ तास, १ आठवडा किंवा ‘ऑलवेज’ असे पर्याय आहेत. ग्रुप सोडावा लागत नाही, मेसेज येत राहतात, फक्त आवाज होत नाही. आणि म्यूट केलंय हे दुसऱ्याला कळत नाही, त्यामुळे नातेवाईक रुसायचा प्रश्न नाही.

३) कामाच्या ग्रुपला वेगळा आवाज: ग्रुपच्या नावावर दाबा, नोटिफिकेशनमध्ये जा आणि वेगळी, मोठी रिंग लावा. ती वाजली की हात पुसून फोन बघायचाच.

४) सरकारी इशारा: राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ हे अ‍ॅप आहे. त्यात आपल्या भागाचे पाऊस-पुराचे इशारे येतात. विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचं ‘दामिनी’ आहे. नदीपात्रात उघड्यावर असणाऱ्याला याची फार गरज. दोन्ही अ‍ॅपना लोकेशन आणि नोटिफिकेशनची परवानगी द्या, नाहीतर ती असून नसल्यासारखी.

५) टॉवरवरून येणारा इशारा: २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाईल एकदम जोरात वाजले होते आणि चाचणीचा मेसेज आला होता, आठवतं का? तो इशारा थेट टॉवरवरून येतो. त्याला नेट किंवा रिचार्जचा डेटा लागत नाही. कुणी घाबरून तो बंद केला असेल तर सेटिंग्जमध्ये ‘इमर्जन्सी अलर्ट’ शोधून परत चालू करा.

६) बॅटरी सेव्हर: तो चालू असला की काही फोनवर मेसेज उशिरा येतात. जाळी टाकायला जाताना तो बंद ठेवा आणि फोन चार्ज करूनच निघा.

आता खोट्या खबरींबद्दल. ‘धरण फुटलं’ असा व्हिडिओ पावसाळ्यात कुठून ना कुठून येतोच. मेसेजवर दोन बाण आणि ‘खूप वेळा फॉरवर्ड केलेला’ असं दिसलं तर थांबा. कोणतं धरण, कोणती तारीख, कोणी सांगितलं, हे तिन्ही त्यात नसेल तर पुढे पाठवू नका. अफवांमुळेच व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये आपल्या देशात एका वेळी पाचच जणांना फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. चार वेळा खोटी घंटी वाजली की पाचव्या खऱ्या घंटीला कोणी उठत नाही, मोठं नुकसान हेच आहे.

संस्थेकडून आम्ही यंदा दोन ग्रुप ठेवतोय. एक गप्पांचा, तो खुशाल म्यूट करा. दुसरा फक्त खबरेचा. त्यात नदीचं पाणी, धरणाची दारं, हवामान एवढंच येईल आणि फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील. तिथे शुभेच्छा नाहीत, राजकारण नाही, भावपूर्ण श्रद्धांजलीसुद्धा नाही. हा ग्रुप कृपा करून म्यूट करू नका.

ज्यांच्याकडे साधा बटणाचा फोन आहे त्यांना आम्ही फोन करून सांगू. तुमच्या शेजारी असे कोणी असतील तर त्यांचा नंबर कार्यालयात लिहून द्या. आणि फोनला रेंज नसेल, पाणी अचानक गढूळ होऊन काडीकचरा वाहत येऊ लागला तर मोबाईलची वाट बघू नका. जाळं राहिलं तर राहू द्या, आधी काठावर या. जाळं पुन्हा विणता येतं.

सेटिंग जमत नसेल तर फोन घेऊन कार्यालयात या, आम्ही बसून करून देऊ. घरातल्या शाळकरी पोरा-पोरींना विचारलं तरी पाच मिनिटांचं काम आहे.

– सचिव