सगळं स्लाइडवर आहे की!

“स्लाइडमध्ये सगळं येऊ दे. नंतर मेलवर पाठवायची आहे.”

कंपनीच्या आढावा बैठकीआधी, महाविद्यालयातल्या सेमिनारच्या आदल्या रात्री, सोसायटीच्या पुनर्विकासाच्या सभेत विकासकाची माणसं लॅपटॉप जोडत असताना, हे वाक्य ऐकू येतंच. मग मुंग्यांएवढ्या अक्षरांनी पडदा भरतो. वक्ता सभेकडे पाठ करून तो वाचत सुटतो. मागच्या रांगेतून कुणी “दिसत नाहीये” म्हणालं, की उत्तर तयार असतं: “पीपीटी पाठवतो ना सर.” म्हणजे दिसत नाही हे मान्य आहे, आणि तरीही दाखवायचं आहे!

या हट्टामागे दोन समजुती आहेत. एक, पडद्यावर लिहिलं की ते लोकांपर्यंत पोचलं. दुसरी, तेच शब्द डोळ्यांनी वाचले आणि कानांनी ऐकले की दुप्पट ठसतात.

दुसरी समजूत आधी घेऊ, कारण ती प्रयोगाने तपासली गेली आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना आकाशात वीज कशी तयार होते याचं ॲनिमेशन दाखवलं होतं. काहींना चित्र आणि निवेदन एवढंच मिळालं. बाकीच्यांना त्याच्या जोडीला पडद्यावर मजकूरही दिला. मजकूर मिळालेल्यांच्या लक्षात कमी राहिलं. शिकलेलं नव्या प्रश्नाला लावून पाहायची वेळ आली तेव्हाही तेच मागे पडले. कारण साधं आहे. डोळे मजकुरावर असतात तेव्हा चित्रावर नसतात. शिवाय माणूस मनातल्या मनात वाचतो तो वक्त्याच्या पुढे धावत. त्यामुळे श्रोता चौथ्या ओळीवर आणि वक्ता दुसऱ्या ओळीवर, अशी ओढाताण चालू राहते.

याला अपवाद आहेत आणि मेयर यांनीच ते नोंदवले आहेत. शब्द अवघड, पारिभाषिक असतील किंवा भाषण श्रोत्यांच्या परक्या भाषेत असेल, तर मजकूर मदत करतो. चित्राला चिकटून दोन-तीन शब्दांची नावं दिली तर तीही उपयोगी पडतात. तेव्हा इंग्रजीत बोलणाऱ्याने मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसमोर संज्ञा पडद्यावर जरूर ठेवाव्यात. संज्ञा, परिच्छेद नव्हे.

आता पहिली समजूत. तिच्यासाठी २००३ सालच्या जानेवारीत जावं लागेल. १६ तारखेला नासाचं कोलंबिया अंतराळयान उडालं आणि ८१.७ सेकंदांनी त्याच्या बाहेरच्या इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान कक्षेत फिरत होतं, आत कल्पना चावलासह सात अंतराळवीर होते. पंखाला कितपत इजा झाली असेल याचा हिशेब बोइंगच्या अभियंत्यांनी मांडला आणि तो नासाच्या लोकांपुढे स्लाइडवरून सादर झाला.

त्यातली एक स्लाइड पुढे फार गाजली. तिच्या शीर्षकाचा सूर दिलासा देणारा होता: चाचण्यांशी ताडून पाहता आपलं गणित नुकसान जास्तच धरतं. त्याखाली मुद्दे, उपमुद्दे आणि त्यांचेही उपमुद्दे, अक्षर लहान होत जाणारे. आणि अगदी तळाशी मुख्य गोष्ट. ज्या चाचण्यांच्या भरवशावर हे सगळं चाललं होतं, त्यांतल्या तुकड्याचं आकारमान होतं ३ घनइंच. पंखावर आदळलेल्याचं अंदाजे १,९२०. म्हणजे ६४० पट! चाचण्या या प्रसंगाला लागूच पडत नव्हत्या. १ फेब्रुवारीला परतताना टेक्सासच्या आकाशात यानाचे तुकडे झाले. सातही जण गेले.

आकडा स्लाइडवर होता. “सगळं” होतं.

माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडची ओळ न् ओळ तपासली. अपघाताच्या चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ च्या अहवालात त्या विश्लेषणाची दखल घेतली आणि नासात तांत्रिक अहवालांची जागा स्लाइडनी घेतल्याबद्दल नापसंती नोंदवली. मात्र यावरून “पॉवरपॉइंटने सात बळी घेतले” असं सांगणारेही भेटतात. तीही थापच. फोम सुटण्याचा दोष नासाला आधीपासून ठाऊक होता, पंखाची छायाचित्रं मिळवण्याची अभियंत्यांची मागणी वर मान्य झाली नाही, आणि मंडळाने या कारणांवर पानंच्या पानं खर्च केली आहेत. स्लाइडचा वाटा इतकाच की सर्वांत मोठी शंका तिने सर्वांत खाली ठेवली.

यावर अमेरिकेतलेच अध्यापक मायकेल ॲली अनेक वर्षं एक उपाय सांगत आले आहेत: शीर्षकात विषयाचं नाव नको, पूर्ण विधान लिहा आणि खाली त्याचा पुरावा द्या, शक्यतो चित्र किंवा आलेख. सोसायटीच्या सभेत “भाडे व कॉर्पस: तपशील” अशी स्लाइड आली की निम्मे सभासद चहाकडे बघतात. तिथेच “ताबा लांबला तर ३६ महिन्यांनंतर भाडं बंद” असं लिहून दाखवा, एकही जण हलणार नाही. (विकासक हे लिहीत नाही ते डिझाइनचं अज्ञान म्हणून, असं मात्र समजू नये.) प्रत्येक सदनिकेच्या कार्पेट एरियाचा तक्ता छापून हातात द्यावा; पडद्यावर तो कुणाच्याच कामाचा नाही.

आणि मेलवर पाठवायचं काय? वेगळा कागद. ॲमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४ मध्ये वरिष्ठांच्या बैठकांतून पॉवरपॉइंट हद्दपार केलं आणि त्याजागी काही पानांचं सलग टिपण आणलं, जे बैठकीच्या सुरुवातीला सगळे गप्प बसून वाचतात. एवढं टोकाला जायची हौस नसेल तर पॉवरपॉइंटमध्ये प्रत्येक स्लाइडखाली टिपणांची जागा असते. बोलायचं ते तिथे लिहा. सभेला दिसत नाही, छापताना मात्र स्लाइडसकट पान निघतं. ही सोय वापरणारा माणूस सापडणं कठीण.

बाकीच्या समजुतींना यापेक्षा कमी जागा पुरे. “संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के”: अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग सुट्या शब्दांमागची भावना ओळखण्यापुरते होते, ज्यांना पटत नसेल त्यांनी पुनर्विकासाचा करार हातवाऱ्यांनी समजावून दाखवावा. “वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के”: हे आकडे एडगर डेल यांच्या नावावर खपवतात, पण शिकण्याच्या अनुभवांची त्यांनी १९४६ मध्ये काढलेली जी शंकूची आकृती आहे, तिच्यात एकही टक्केवारी नव्हती. “मेंदू चित्रं ६०,००० पट वेगाने वाचतो”: यामागचा प्रयोग आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही. “एका स्लाइडवर सातच मुद्दे, मिलर म्हणतो”: जॉर्ज मिलर यांचा १९५६ चा लेख तात्पुरत्या स्मृतीविषयी आहे, आणि पडद्यावर समोर दिसणारं लक्षात ठेवावं लागत नाही. “दहा स्लाइड, वीस मिनिटं, तीस पॉइंट”: गाय कावासाकी यांनी हे गुंतवणूकदारांकडे पैसे मागायला जाणाऱ्यांना सांगितलं होतं. त्यातलं तीस पॉइंटच्या अक्षरांचं कलम मी सर्वांना लावायला तयार आहे.

राहिली एक आपली घरची. “मराठी स्लाइड दुसऱ्या संगणकावर बिघडतातच, म्हणून इंग्रजीत करा.” बिघडतात त्या श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, तो फॉन्ट समोरच्या संगणकावर नसला की अक्षरांचा चिखल होतो. युनिकोडमध्ये टाइप करा, ओळींत थोडं अंतर जास्त ठेवा म्हणजे वरचे रफार आणि खालचे उकार एकमेकांना भिडणार नाहीत, आणि पेन ड्राइव्हमध्ये एक पीडीएफ प्रतही टाका.