नाव कोणाच्या मापाची?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा यंदाचा आग्रह असा, की प्रत्येकाने आपल्या व्यवसायाबाहेरच्या एखाद्या छंदाविषयी लिहावे. माझा छंद सांगितला की ऐकणारा आधी हसतो. विद्यार्थिदशेत मी पुण्यात मुळा-मुठेच्या पात्रात वल्ही मारीत असे. रोइंग, म्हणजे शर्यतीची नाव वल्हवणे, हा तो छंद. आपल्या मावल्याला तलाव आहे. परंतु आदिलाबाद शहराला पाणी पुरवणारा तलाव अशीच त्याची पूर्वापार ओळख. शर्यतीची नाव पाहायची तर हैदराबादचा हुसेनसागर गाठावा लागतो. तरीही हा विषय घेतला, कारण त्यातील एक बाब आपणा वैद्यकीय मंडळींच्या थेट कामाची आहे. नाव आणि वल्ही माणसाच्या अंगाला जुळवून घेण्याची ही बाब. रोइंगच्या परिभाषेत तिला रिगिंग म्हणतात.

मराठी वाचकाला हा खेळ परिचित झाला तो दत्तू भोकनळ यांच्यामुळे. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही हे त्यांचे गाव, पाण्याच्या टंचाईचे. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जाणारा हा तरुण २०१२ साली सैन्यात दाखल झाला आणि सैन्यातच त्याच्या हाती वल्ही आली. आरंभी आपल्याला पाण्याची भीती वाटत असे, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कल्स प्रकारात ते तेरावे आले. अखेरच्या शर्यतीतील त्यांची वेळ ६ मिनिटे ५४.९६ सेकंद. २०१८ साली जाकार्ता व पालेमबांग येथे झालेल्या आशियाई खेळांत चौघांच्या नावेत त्यांना सुवर्णपदक मिळाले. वृत्तपत्रांनी त्यांच्या जिद्दीचे कौतुक केले, ते यथायोग्यच. मात्र ती जिद्द ज्या साधनातून पाण्यात उतरते त्या साधनाविषयी फारसे वाचावयास मिळाले नाही.

एकेरी स्कल ही नाव सुमारे ८ मीटर लांब आणि पाण्यालगत जेमतेम सव्वा वीत रुंद असते. नियमानुसार तिचे वजन किमान १४ किलो. म्हणजे ८० किलोचा माणूस आपल्या वजनाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाच्या वस्तूवर बसतो, तोही पाठमोरा, आणि दोन वल्ह्यांच्या आधाराने तोल सांभाळतो. अशी नाव निवडताना पहिला निकष रंग, कंपनी किंवा किंमत नसून वल्हवणाऱ्याचे वजन हा असतो. नावा वजनगटाप्रमाणे बांधल्या जातात. भारी माणसासाठी बांधलेल्या नावेत हलका माणूस बसला तर ती पाण्यावर तरंगत राहते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झोताला मान डोलावते. उलट झाले तर नाव खोल बसते, पाण्याशी घर्षण वाढते आणि प्रत्येक मीटर कष्टाने ओढावा लागतो.

आपल्याकडे ही निवड क्वचितच वाट्याला येते. परदेशी नावा महाग, संस्थांकडे त्या मोजक्या, आणि एकाच नावेत सकाळपासून चार जण बसतात. म्हणूनच माझ्या मते आपल्या परिस्थितीत निवडीपेक्षा जुळवणीला अधिक महत्त्व आहे. नाव बदलता आली नाही तरी तिच्यावरचे पाच-सहा नटबोल्ट बदलता येतात.

वल्हे ही मूलतः तरफ आहे. नावेच्या बाजूला लोखंडी किंवा कार्बनचा जो हात बाहेर आलेला असतो तो रिगर. त्याच्या टोकाच्या गेटमध्ये वल्हे अडकवलेले असते. २८९ सेंटिमीटरच्या वल्ह्यात गेटपासून मुठीपर्यंतचा आतला भाग ८८ सेंटिमीटर धरला, तर बाहेर २०१ उरतात. वल्ह्यावरचे कडे एका सेंटिमीटरने मुठीकडे सरकवले की आत ८७ आणि बाहेर २०२. प्रत्येक ओढीचा भार यामुळे दीड टक्क्याहून थोडा अधिक वाढतो. हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु २००० मीटरच्या शर्यतीत सव्वादोनशेच्या आसपास ओढी होतात आणि सरावाच्या वीस किलोमीटरांत सुमारे दोन हजार. रोज दोन हजार वेळा घेतली जाणारी दीड टक्का जादा मात्रा किरकोळ राहत नाही, हे आपणास वेगळे सांगावयास नको. १९९१ साली कुऱ्हाडीच्या पात्यासारखी रुंद पाती आली, तेव्हा त्यांनी पाणी अधिक घट्ट धरले आणि त्याबरोबर वल्ह्यांची लांबी काही सेंटिमीटरांनी कमी करावी लागली. (दत्तू यांचे जन्मसालही १९९१, हा निव्वळ योगायोग.)

गेटची उंची ही दुसरी बाब. आसनापासून ती साधारणतः १५ ते १८ सेंटिमीटर ठेवतात. दोन वल्ह्यांच्या मुठी मधोमध एकमेकींवरून जातात, डावा हात वर आणि उजवा खाली. त्यासाठी डाव्या हाताचे गेट एक-दीड सेंटिमीटर उंच असावे लागते. ते नसले तर उजव्या हाताच्या पाठीवर नखांचे ओरखडे उठतात. नवख्या खेळाडूची ही हमखास खूण. गेट फार उंच असेल तर खांदे कानाकडे चढतात आणि मानेचा वरचा स्नायू दिवसभर ठणकतो. फार खाली असेल तर मूठ मांडीला अडते व पाते पाण्याबाहेर सुटत नाही. पात्याला सुमारे ४ अंशांचा कल देतात. तो अगदीच कमी झाला तर पाते खोल बुडते, जास्त झाला तर पाणी न धरता वर घसरते.

तथापि शरीराशी सर्वांत जवळचा संबंध येतो तो पाय टेकवायच्या फळीचा. तिच्यावर बूट पक्के बसवलेले असतात आणि आसन रुळांवरून मागे-पुढे सरकते. फळीचा कोन ३८ ते ४२ अंश, आणि टाचा आसनाच्या पातळीखाली १५ ते १९ सेंटिमीटर. खेळाडू गुडघे छातीशी घेऊन पुढे येतो तेव्हा नडग्या उभ्या झाल्या पाहिजेत. यासाठी घोटा मोकळा वाकावा लागतो. तो वाकला नाही तर उरलेले अंतर शरीर कुठून तरी भरून काढतेच, आणि बहुतेक वेळा ते कंबरेतून. कंबर गोल होते आणि त्याच क्षणी वल्ह्याचा सर्वांत मोठा भार तिच्यावर येतो. रोइंगपटूंमध्ये कंबरदुखी सर्वाधिक आढळते, त्यामागे हे एक कारण आहे. ज्याचा घोटा ताठ आहे त्याच्यासाठी फळीचा कोन थोडा कमी करावा; उपाय दोन नट सैल करण्याएवढा सोपा आहे. शेतात उकिडवे बसून निंदणी केलेल्या माणसाचा घोटा पाहावा आणि आपल्यासारख्या खुर्चीत बसणाऱ्यांचा पाहावा, म्हणजे फरक ध्यानात येतो.

काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातील एक जवान रजेवर आला असता माझ्याकडे आला. तो सैन्याच्या एका संघात वल्हवीत असे. डाव्या कुशीत दुखत होते. खोल श्वास घेतला, कूस बदलली की कळ येई. क्ष-किरण चित्र निर्दोष होते. त्याला खरी काळजी दुखण्याची नव्हती.

“सर, संघातले म्हणतात, तुझ्या फासळ्याच कच्च्या आहेत. या मोसमात बसलो तर माझी जागा गेली.”

रोइंगमध्ये फासळ्यांना, विशेषतः पाचव्या ते नवव्या, ताणजन्य भंग होतो आणि आरंभी क्ष-किरणात तो पुष्कळदा दिसत नाही. एमआरआयने तो दाखवला. मग मी त्याला विचारले, “नाव बदलली होतीस का?” बदलली होती, दीड महिन्यापूर्वी. आधीचा खेळाडू त्याच्यापेक्षा चार बोटे उंच आणि दहा-बारा किलोंनी भारी. मापे मात्र त्याचीच राहिली होती. सहा आठवडे वल्ही बंद ठेवायची, आणि परतल्यावर प्रशिक्षकांना सर्व मापे नव्याने घेण्याची विनंती करायची, असे मी त्याला लिहून दिले. प्रशिक्षक समंजस निघाले. आतला भाग एका सेंटिमीटरने वाढवला गेला, गेट खाली आले, फळी दोन खाचा पुढे सरकली. पुढच्या मोसमात तो त्याच संघात होता. सरावाचा भार एकदम वाढणे हे या दुखण्याचे प्रमुख कारण असते, आणि त्याच्या बाबतीत तेही घडले असावे. सारा दोष नटबोल्टांच्या माथी मारण्याचा माझा हेतू नाही. पण चुकीच्या मापाची नाव म्हणजे न सांगता वाढवलेला भारच, आणि तो खेळाडूच्या सरावाच्या वहीत नोंदला जात नाही. म्हणून असा रुग्ण आला तर त्याच्या साधनाचा इतिहासही अवश्य घ्यावा.

जुळवणीची रीत आपल्या औषधयोजनेसारखीच असते. एका वेळी एकच बदल, मोजून, वहीत तारखेसह लिहून. आधी उंची, मग फळी, मग दोन गेटांमधील अंतर, जे एकेरी नावेत १५८ ते १६० सेंटिमीटर असते, आणि सर्वांत शेवटी वल्ह्याचे कडे. बदल केल्यावर दोन-तीन सराव झाल्याशिवाय मत बनवू नये, कारण पहिल्या दिवशी प्रत्येक बदल विचित्रच वाटतो. समोरून जोराचा वारा असेल तर अनुभवी खेळाडू आतला भाग अर्धा-एक सेंटिमीटर वाढवून भार हलका करतात. एक बाब मात्र कोणाच्याही सोयीसाठी बदलू नये: बुटांच्या टाचांना बांधलेली दोरी. टाच ठरावीक मर्यादेहून अधिक उचलली जाऊ नये असा नियम आहे, म्हणजे नाव उलटली तर पाय बुटातून आपोआप निसटतात. ही दोरी तुटलेली नाव मी तरी पाण्यात उतरू देणार नाही.

ज्यांचा नावेशी संबंध येण्याची शक्यता नाही, त्यांच्यापैकी अनेकांचा रोइंगच्या यंत्राशी आता येतो. मोठ्या शहरांच्या व्यायामशाळांत ते सर्रास दिसते. कॉन्सेप्ट टू यंत्राच्या चक्राशेजारी १ ते १० आकड्यांची एक तरफ असते. बहुतेक जण ती १० वर नेतात. आकडा मोठा म्हणजे व्यायाम मोठा, अशी समजूत. वास्तविक तो आकडा चक्रात किती हवा शिरते एवढेच सांगतो. १० वर यंत्र जड होडीसारखे वागते आणि पहिला भार कंबर घेते. ३ ते ५ पुरेसे आहेत. पायाचा पट्टा बोटांच्या मुळाशी, पाऊल सर्वांत रुंद असते तेथे यावा, आणि पुढे येताना नडग्या उभ्या होण्याआधीच कंबर गोल होऊ लागली, तर पाय ठेवण्याची पट्टी एक-दोन खाचांनी खाली घ्यावी.