पाठ, मालिश आणि पाय: हातांनी होणाऱ्या उपचारांकडून काय अपेक्षा ठेवावी

सलग आठ-दहा तास लॅपटॉपवर वाकून बसल्यावर पाठ धरते. मग वसतिगृहात सल्ले सुरू होतात. एक जण मालिश करून घ्यायला सांगतो. दुसरा मोबाईलवर मान कटकन मोडणारा व्हिडिओ दाखवतो. तिसरा म्हणतो, तुझे तळवे सपाट आहेत, बुटात गादी घाल. कायरोप्रॅक्टिक, मालिश आणि पायांची निगा हे तीन वेगवेगळे विषय आहेत, पण लोक ते एकाच पिशवीत भरतात. या टिपणात आपण ते वेगळे करून पाहू: प्रत्येकात नेमके काय केले जाते, त्यातून किती मिळते आणि कोणत्या स्थितीत तिकडे मुळीच जायचे नाही. मी यंत्र अभियांत्रिकी शिकवतो, डॉक्टर नाही. त्यामुळे विवेचन बल, तरफ आणि दाब यांच्या अंगाने येईल. बारावीपर्यंतचे भौतिकशास्त्र त्याला पुरते.

आधी एक छोटे गणित

१० किलो वजनाची पिशवी कण्यापासून ४० सेंटिमीटर पुढे धरली आहे असे समजा. पिशवीचे बल साधारण १०० न्यूटन, म्हणून कमरेच्या मणक्यापाशी आघूर्ण ४० न्यूटन-मीटर. हे आघूर्ण तोलतात ते पाठीचे स्नायू, आणि त्यांचा तरफेचा हात जेमतेम ५ सेंटिमीटर असतो. म्हणजे स्नायूंना ८०० न्यूटन बल लावावे लागते, तेही फक्त त्या पिशवीसाठी. धडाचे वजन यात धरलेलेच नाही. पुढे वाकून बसलात की हाच हिशोब धडाच्या वजनासाठी लागू होतो. कोणी कितीही चांगले मालिश केले तरी तुमची खुर्ची, टेबल आणि बसण्याची पद्धत तीच राहिली तर दुसऱ्या दिवशी आघूर्णही तेवढेच राहणार.

दुसरी गोष्ट आकडेवारीची. आपल्याकडे पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवर पाय लावून घेतात. पायाने जन्मलेल्या माणसाच्या स्पर्शाने उसण उतरते, असा समज आहे. आणि ती उतरतेही! कारण साधी उसण बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, आपोआप ओसरते. माणूस इलाजाला जातो तो दुखणे सर्वात तीव्र असताना. तिथून पुढे ते कमी होण्याचीच शक्यता जास्त असते. त्या वेळी जो कोणी हजर असेल, त्याला श्रेय मिळते. पायाळूला लागू होणारा हा नियम पांढऱ्या कोटातल्या माणसालाही लागू होतो. म्हणून ‘मला फरक पडला’ एवढ्यावर कोणत्याही उपचाराची परीक्षा होत नाही. त्यासाठी उपचार घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट शेजारी ठेवून पाहावे लागते.

कायरोप्रॅक्टिक

हा शब्द ग्रीक आहे, अर्थ ‘हाताने केलेले काम’. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातील डेव्हनपोर्ट गावी १८९५ मध्ये डॅनियल डेव्हिड पामर यांनी ही पद्धत सुरू केली. मणके जागचे किंचित हलतात, त्यामुळे मज्जातंतूंचा प्रवाह अडतो आणि बहुतेक रोग त्यातून होतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा सिद्धांत टिकला नाही. मणके एकमेकांना अस्थिबंधांनी घट्ट बांधलेले असतात. ते बरणीच्या झाकणासारखे सुटत नाहीत आणि दाबून परत बसतही नाहीत. ‘गादी सरकली’ हा आपला शब्दप्रयोगसुद्धा फसवा आहे. गादी सरकत नाही. तिचा काही भाग फुगतो किंवा आतला मऊ भाग फाटून बाहेर येतो.

मग तो ‘कट्ट’ आवाज कशाचा? सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांध्याचे पृष्ठभाग झटक्यात दूर ओढले की आतला दाब एकदम घटतो आणि द्रवात पोकळी तयार होते. द्रवयांत्रिकीत पंपाच्या पात्यांजवळ होणारे कॅव्हिटेशन तुम्ही शिकला असाल, त्याच जातीची ही घटना आहे. १९७१ मध्ये लीड्सच्या संशोधकांनी आवाज बुडबुडा फुटल्याचा आहे असे मांडले. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात बोटे मोडतानाचे एमआरआय चित्रण झाले, तेव्हा आवाजाच्या क्षणी पोकळी तयार होताना दिसली आणि आवाजानंतरही ती कायम होती. या दोन मतांवर अजून चर्चा चालते. आपल्यापुरता मुद्दा एवढाच, की आवाज वायूचा आहे, हाड जागेवर बसल्याचा नाही. तोच सांधा लगेच पुन्हा वाजत नाही, साधारण वीस मिनिटे थांबावे लागते. वायू द्रवात परत विरघळायला तेवढा वेळ लागतो.

सिद्धांत चुकला म्हणून कृती निरुपयोगी ठरते असे नाही, ही बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. कंबरदुखीसाठी कण्याला हाताने दिलेल्या झटक्यांचा काही रुग्णांना मर्यादित फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांच्या जोडीला अशी हस्तचिकित्सा आणि मालिश यांना जागा आहे, तर कमरेचे पट्टे आणि ओढ देणे यांची शिफारस केलेली नाही. फायदा मध्यम, पुरावा फार भक्कम नाही, आणि व्यायामाला पर्याय म्हणून तर नाहीच. दमा, मधुमेह, कानाचे विकार असल्या गोष्टी मणके दाबून बऱ्या करतो असे कोणी म्हणाला, तर तिथून उठून यावे.

पहिल्या भेटीत नीट काम करणारा माणूस आधी बराच वेळ प्रश्न विचारतो: दुखणे कधी सुरू झाले, पायात मुंग्या येतात का, ताप येतो का, वजन घटले का. मग तो हालचाली, प्रतिक्षिप्त क्रिया आणि स्नायूंची ताकद तपासतो, काय करणार ते सांगतो आणि तुमची संमती घेतो. नंतर एक-दोन दिवस अंग ठणकणे नेहमीचे आहे. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक नसेल तर थांबावे. पहिल्याच दिवशी वर्षभराचे पॅकेज विकणाऱ्यापासून लांब राहावे. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी वेगळी वैधानिक परिषद नाही, म्हणजे पाटी कोणीही लावू शकतो. फिजिओथेरपिस्ट मात्र विद्यापीठाची पदवी घेतलेला असतो आणि २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात तो व्यवसाय समाविष्ट आहे. कंबरदुखीसाठी माझी शिफारस आधी डॉक्टर, मग फिजिओथेरपिस्ट अशीच राहील.

मानेबद्दल वेगळे लिहायला हवे. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या छिद्रांतून वर जातात आणि सर्वात वरच्या दोन मणक्यांपाशी वळण घेतात. मान झटक्यात फिरवली की तिथे धमनीवर ताण येतो. क्वचित तिचा आतला थर फाटतो, तिथे गुठळी होते आणि पक्षाघात होऊ शकतो. हे फार विरळ आहे. शिवाय काही वेळा धमनी आधीच फाटलेली असते आणि त्यामुळेच मान दुखत असल्याने माणूस उपचाराला आलेला असतो, म्हणून कारण कोणते ते ठरवणे अवघड जाते. तरी नुसत्या अवघडलेल्या मानेसाठी हा जुगार कशाला? केस कापून झाल्यावर न्हाव्याकडून मान मोडून घेण्याची सवय मलाही कित्येक वर्षे होती. शरीररचनेच्या पुस्तकात त्या धमनीचे वळण पाहिल्यापासून मी हात वर करून नको म्हणतो. मानेला झटका बसल्यानंतर कधीही न दुखल्यासारखे डोके किंवा मान दुखू लागली, चक्कर आली, एकाचे दोन दिसू लागले, जीभ जड झाली किंवा तोल गेला, तर झोपून पाहू असे म्हणू नका. १०८ किंवा ११२ वर फोन करा. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

पाठदुखीतही काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर कोणाचाही हात पाठीला लागू नये. ताप, घटते वजन आणि रात्री वाढणारे दुखणे एकत्र असेल तर आपल्या देशात मणक्याच्या क्षयाचा विचार करावाच लागतो, आणि तो तरुणांनाही होतो. मांड्यांच्या आतली आणि बसायची जागा बधिर होणे, लघवी अडणे किंवा तिच्यावर ताबा न राहणे, दोन्ही पायांतली ताकद जाणे ही तर त्याच दिवशी रुग्णालयात जाण्याची कारणे आहेत. तुमच्याच वयात सुरू होणारा आणखी एक आजार आहे: सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ पाठ ताठ, विश्रांतीने वाढते आणि हालचालीने कमी होते, असे तीन-तीन महिने चालते. हा मणक्यांच्या सांध्यांचा दाह असू शकतो. त्याला संधिवाततज्ज्ञ लागतो.

मालिश

इथे इतके लिहिण्यासारखे नाही. मालिशने बरे वाटते, झोप लागते, आखडलेले स्नायू काही काळ सैल होतात. कोल्हापूरच्या तालमीतल्या पैलवानाला आणि केरळात कळरीपयट्टू शिकणाऱ्याला हे सांगायची गरज नाही. फक्त ‘मालिशने लॅक्टिक आम्ल निघून जाते’ हे खरे नाही. व्यायामात तयार झालेले लॅक्टेट तास-दीड तासात शरीर स्वतःच निकाली काढते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दुखते ते स्नायूतंतूंच्या सूक्ष्म इजेमुळे, आणि मालिशने ते थोडे सुसह्य होते.

मालिश करून घेताना दाब किती हवा ते सांगण्याचा आणि कोणत्याही क्षणी थांबवण्याचा हक्क तुमचा आहे. ज्या भागावर काम चालू नाही तो झाकलेला असावा. जितके जास्त दुखेल तितका गुण, हा समज सोडा. एक बाब मात्र जीवघेणी आहे. एकच पोटरी सुजली, गरम झाली आणि दुखू लागली, विशेषतः प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर तिला तेल लावून चोळू नका. आत रक्ताची गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. पोटरीत साधा गोळा येणे वेगळे, तो काही मिनिटांत उतरतो.

पाय

एका पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. चालताना जमिनीचे प्रतिबल शरीराच्या वजनाहून थोडे जास्त असते, धावताना दुप्पट-तिप्पट. हे बल किती क्षेत्रफळावर पसरते यावर सगळे अवलंबून. टोकदार बूट किंवा टाचेखालचा खडा क्षेत्रफळ घटवतो आणि दाब वाढवतो. जिथे दाब आणि घर्षण रोजचे होते तिथे कातडी जाड होऊन भोवरी होते. म्हणून भोवरी ब्लेडने कापली तरी बूट तोच असेल तर ती परत येते. सपाट तळवे दुखत नसतील तर त्यांना सहसा उपचार लागत नाही. सकाळी पहिले पाऊल टाकताना टाच दुखते, त्यावर पोटरीचे आणि तळव्याचे ताण देणारे व्यायाम नेटाने करावे लागतात. काही महिने लागतात, हे आधीच माहीत असावे. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. नखे सरळ रेषेत कापावीत, कोपरे खोदले की नख रुतते.

पण पायांच्या निगेचा खरा विषय संवेदनेचा आहे, आणि त्याचा एक मोठा धडा भारतात शिकला गेला. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने झडतात असे तेव्हा सर्रास मानत. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की मज्जातंतू बधिर झाल्याने रुग्णाला इजा कळत नाही. तो जखमेवरच चालत राहतो आणि पाय त्यामुळे जातो. उपाय दाब वाटून देण्याचा होता: जखम भरेपर्यंत प्लास्टर आणि नंतर मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपला. हेच तत्त्व आज मधुमेहींच्या पायांना लागू होते. भोवरीवर लावायच्या औषधी पट्ट्यांत कातडी विरघळवणारे आम्ल असते, म्हणून बधिर पायाला त्या लावू नयेत.

संवेदना तपासायचे साधन अभियंत्याला आवडेल असे आहे: नायलॉनचा एक तंतू. तो तळव्यावर टेकवून दाबला की १० ग्रॅम भाराला वाकतो. ऑयलरचा स्तंभ वाकण्याचा सिद्धांत इथे मोजमाप करतो. माणसाने तो कितीही जोरात धरला तरी बल त्याहून फारसे वाढत नाही. हा स्पर्श कळला नाही तर त्या पायाला धोका आहे.

सुटीत घरी गेलात आणि आजी-आजोबांना मधुमेह असेल, तर उजेडात त्यांचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा, कारण वाकून पाहणे त्यांना जमत नसते. चपलेत हात घालून आत खिळा किंवा खडा आहे का तेही पाहा. भेग खोल गेली असेल, कातडी काळी-निळी दिसत असेल किंवा न दुखणारी जखम सापडली, तर घरगुती लेप न लावता त्यांना लगेच मधुमेही पायांच्या बाह्यरुग्ण विभागात न्या. सूज, लाली, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी.