इंटरनेटच्या दाराशीं परीक्षा

मोटार चालविणारास परवाना लागतो. भारतांत हौशी बिनतारी केंद्र चालवूं इच्छिणारासही सरकारी परीक्षेंत उत्तीर्ण व्हावें लागतें. कारण उघड आहे. रस्ता काय किंवा आकाशलहरी काय, दोन्ही सर्वांच्या सामाईक. तेथें एकाचें अज्ञान दुसऱ्यास भोंवतें. मग हाच न्याय इंटरनेटला कां लावूं नये?

हा प्रश्न पोकळ नाहीं. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या उपद्रवी आज्ञावलीनें लक्षावधि घरगुती कॅमेरे व राउटर आपल्या कबजांत घेतले. युक्ति साधी होती: कारखान्यांतून आलेला ठराविक पासवर्ड त्या यंत्रांत तसाच राहिला होता. अशा यंत्रांकडून २१ ऑक्टोबर रोजीं ‘डाइन’ या अमेरिकन कंपनीवर एकाच वेळीं मागण्यांचा भडिमार करविण्यांत आला. संकेतस्थळांच्या नांवांवरून त्यांचा पत्ता शोधून देणें हें या कंपनीचें काम. तें थांबतांच ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें अनेकांना कित्येक तास दुर्लभ झालीं. ज्यांचे कॅमेरे या कामीं राबले, त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

तथापि परीक्षा हा यावर उपाय नव्हे. आज बँकेचा व्यवहार, मुलांचा प्रवेशअर्ज, आगगाडीचें तिकीट हीं सारीं इंटरनेटवर गेलीं आहेत. दाराशीं परीक्षा ठेवली तर वृद्ध व अल्पशिक्षित माणूसच बाहेर राहील. त्याला लुटणारा भामटा मात्र पहिल्या वर्गांत उत्तीर्ण होईल. शिवाय मिराईच्या तडाख्यांत सांपडलेल्या कांहीं यंत्रांचा पासवर्ड मालकाला बदलतांच येत नव्हता. अशा ठिकाणीं परीक्षा कारखानदाराचीच घ्यावयास हवी. ब्रिटननें तेंच केलें. सर्व यंत्रांना एकच सहज ओळखतां येणारा पासवर्ड घालून माल विकण्यास तेथें २९ एप्रिल २०२४ पासून बंदी आहे.

याचा अर्थ वापरणारानें कांहींच शिकूं नये, असा नव्हे. यूपीआयनें पैसे घेतांना पिन द्यावा लागत नाहीं. ‘पैसे पाठवितों, पिन टाका’ असें कोणी म्हणाल्यास पैसे येत नसून जात आहेत, असें समजावें. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं ती अडवितां येण्याचा संभव असतो. एवढें ज्ञान परीक्षेवांचूनही देतां येतें. आईबापांच्या हातीं नवा मोबाईल देणाऱ्या मुलानें त्याबरोबर अर्धा तास बसून या दोन गोष्टी समजावून द्याव्या, हें अधिक श्रेयस्कर.